रॉ फाइल्स एका डिस्कवरून दुसरीकडे कशा हलवाव्यात: लाइटरूममध्ये प्रश्नचिन्ह येऊ नये म्हणून

लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोटो नसतात. एवढं एक वाक्य पक्कं समजलं की पुढची निम्मी डोकेदुखी टळते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, तुमच्या डिस्कवर, तुम्ही ठेवली त्या फोल्डरमध्येच असते. एक्स्पोजर वाढवलं, व्हाइट बॅलन्स बदलला, क्रॉप केलं, हे सगळं कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिलं जातं. सोबत फोटोचा पत्ता असतो: डिस्क कोणती, फोल्डर कोणता, फाइलचं नाव काय. ‘कॅटलॉगचा बॅकअप आहे, म्हणजे फोटो सुरक्षित आहेत’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या बॅकअपमध्ये एकही फोटो नसतो.

‘जेपेग काढून झाले की रॉ पुसून टाका’ हा सल्लाही तितकाच घातक. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, आठ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. भिगवणला सकाळच्या उन्हात टिपलेल्या रोहित पक्ष्याच्या पांढऱ्या पिसांतला तपशील परत आणायचा असेल, तर तो रॉमध्येच सापडण्याची शक्यता असते. जागेची अडचण खरी आहे. २४ मेगापिक्सेलची, चौदा बिटची, न दाबलेली (अनकॉम्प्रेस्ड) फाइल साधारण ४२ एमबीची होते. त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यात ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ (तपशील न गमावता फाइल लहान करणारा पर्याय) निवडणं आणि आउट ऑफ फोकस फोटो निर्दयपणे काढून टाकणं.

कार्डावरून फाइल्स उतरवताना कॉपी करा, मूव्ह कधीच नको. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा.

फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करा, वर्ष आधी: २०२४-०२-१८_भिगवण. ‘पक्षी’, ‘लग्न’, ‘निसर्ग’ असे विषयवार फोल्डर करायला सांगणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. एकाच फोटोत पक्षीही असतो आणि सूर्यास्तही, मग तो ठेवणार कुठे? विषयासाठी कीवर्ड, म्हणजे फोटोला लाइटरूममध्ये जोडायचे शब्द, आहेत, फोल्डर फक्त पत्त्यासाठी. फाइलच्या नावातही तारीख घाला. बहुतेक कॅमेऱ्यांत फाइलच्या नावातला आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो आणि एकाच नावाच्या दोन फाइल्स तयार होतात. हे सगळे फोल्डर एकाच मुख्य फोल्डरच्या पोटात ठेवा. त्याचा उपयोग पुढे कळेल.

आता खरा अवघड टप्पा. लॅपटॉप भरतो आणि जुनी शूट्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यावी लागतात. सुरुवातीला मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला. बहुतेक जण विंडोज एक्सप्लोररमध्ये किंवा मॅकच्या फाइंडरमध्ये फोल्डर उचलतात आणि नव्या डिस्कवर टाकतात. लाइटरूमला याचा पत्ताच नसतो. उघडल्यावर फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसतं, म्हणजे जुन्या पत्त्यावर फोल्डर सापडला नाही. मग घाबरून लोक सगळे फोटो नव्यानं इम्पोर्ट करतात, म्हणजे कॅटलॉगमध्ये पुन्हा नोंदवतात. ते करू नका. नव्या इम्पोर्टला जुन्या कॅटलॉगमधलं तुमचं काम माहीत नसतं आणि एकाच फोटोच्या दोन नोंदी होऊन बसतात.

लाइटरूमच्या आतूनच फोल्डर ओढून नव्या डिस्कवर टाका, असा दुसरा सल्ला मिळतो. तो चूक नाही, पण मला तो मान्य नाही. त्यात फाइल्स हलवल्या जातात आणि जुन्या जागी प्रत राहत नाही. शंभर जीबीचा फोल्डर जात असताना मध्येच वीज गेली किंवा केबल सैल झाली, तर काय गेलं आणि काय राहिलं हे शोधत बसावं लागतं.

मी असं करतो. लाइटरूम पूर्ण बंद करायचं. फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी करायचा. विंडोजवर टेराकॉपी हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरून पडताळणी चालू ठेवायची, मॅकवर निदान फाइल्सची संख्या आणि एकूण आकार जुळवून बघायचा. मग जुन्या फोल्डरच्या नावापुढे ‘_जुने’ जोडायचं. पुसायचं नाही, फक्त नाव बदलायचं. लाइटरूम उघडलं की प्रश्नचिन्ह येईल, आणि या वेळी ते यायलाच हवं. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडायचं आणि नव्या डिस्कवरचा फोल्डर दाखवायचा. मुख्य फोल्डर एकच असेल आणि तो पूर्णच हलवला असेल, तर हे एकदाच करावं लागतं, पोटातले सगळे फोल्डर आपोआप जुळतात.

यानंतरची तपासणी टाळू नका. स्मार्ट प्रीव्ह्यू (लाइटरूमनं बनवलेल्या फोटोच्या लहान प्रती) बनवलेले असतील, तर मूळ फाइल गायब असूनही फोटो डेव्हलप या एडिटिंगच्या विभागात मजेत उघडतो, स्लायडरही चालतात, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, खाली बघा. तिथे नुसतं ‘स्मार्ट प्रीव्ह्यू’ लिहिलं असेल, तर मूळ रॉ सापडलेली नाही. ‘ओरिजिनल’ हा शब्द दिसलाच पाहिजे. चार-पाच वेगवेगळ्या फोल्डरमधले फोटो पूर्ण आकारात एक्स्पोर्ट करून बघा, आणि मगच ‘_जुने’ पुसा.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. बाहेरच्या डिस्कला आज ई अक्षर मिळतं, उद्या पेनड्राइव्ह आधी लावलेला असला तर एफ, आणि सगळं कॅटलॉग प्रश्नचिन्हांनी भरू शकतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला पी किंवा आर असं पुढचं अक्षर नेमून द्या. मॅकवर डिस्कचं नाव बदलत बसू नका.

कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटा विभागात बदल आपोआप एक्सएमपीमध्ये लिहिण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग रॉशेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. कॅटलॉग बिघडला तरी तुमचं एडिटिंग तीत राहतं. फोल्डर हलवताना ती सोबत गेलीच पाहिजे, ‘फालतू फाइल’ समजून पुसू नका. मात्र व्हर्च्युअल कॉपी (एकाच फाइलच्या वेगळ्या एडिटिंगच्या नोंदी) आणि कलेक्शन (लाइटरूममध्ये केलेले फोटोंचे गट) त्यात जात नाहीत, म्हणून कॅटलॉगचा बॅकअपही हवाच.

प्रतींच्या बाबतीत ३-२-१ हा नियम पाळा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. दोन डिस्क एकाच कपाटात असतील तर चोरीत किंवा आगीत दोन्ही जातात. क्लाउडवरचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते.

कॅटलॉगचा बॅकअप लाइटरूम मुळात कॅटलॉगशेजारीच, त्याच डिस्कवर ठेवतं. बंद करताना येणाऱ्या बॅकअपच्या खिडकीत ही जागा बदलून दुसरी डिस्क निवडा, ‘टेस्ट इंटिग्रिटी’ (कॅटलॉग बिघडलेला नाही ना, याची तपासणी) वर खूण असू द्या, शेवटचे तीन-चार बॅकअप ठेवा आणि त्याआधीचे काढून टाका.