पासवर्डचोर मालवेअर: फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

"भाऊ, मशीन फॉरमॅट मारून द्या न, संध्याकाळच्या आत ई-वे बिलं काढाची आहेत." नागपूरजवळच्या वाडीचं ट्रान्सपोर्ट ऑफिस असो की बुटीबोरीचा कारखाना, पासवर्ड चोरीला गेल्याचं कळलं की पहिला फोन असाच येतो. अकाउंट सांभाळणाऱ्याची घाई समजते, पण घराची किल्ली चोरीला गेल्यावर घर धुवून काढण्यातला हा प्रकार आहे.

रेडलाइन, व्हिडार, लुम्मा ही सगळी इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती चोरणाऱ्या, जातीची मालवेअर. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय याची ब्राउझरमधली खूण), ऑटोफिल गोळा करून पाठवायला त्यांना काही मिनिटं पुरतात, आणि काम झालं की बरीचशी स्वतःला पुसून टाकतात. त्यामुळे अँटीव्हायरस 'काही सापडलं नाही' म्हणाला तरी सुटलो असं समजू नका. मायक्रोसॉफ्टने 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत जगभरात 3,94,000 पेक्षा जास्त विंडोज मशीन लुम्माने बाधित झालेली पाहिली.

आधीच फॉरमॅट मारणं ही पहिली चूक. फॉरमॅट शेवटी करायचंच आहे. त्याआधी नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा आणि मशीन तसंच बाजूला ठेवा. चोर आला कुठून, याचा माग त्यातच असतो. क्रॅक केलेला पीडीएफ कन्व्हर्टर डाउनलोड्समध्ये पडलेला दिसेल. नाहीतर विंडोज आणि आर दाबून रनची खिडकी उघडा आणि जुन्या कमांडची यादी बघा (एंटर मात्र दाबू नका). तिथे पॉवरशेलची (विंडोजला हुकूम देणारी) लांबलचक ओळ दिसली, तर कुणीतरी 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणणाऱ्या खोट्या पानाचं ऐकून ती चिकटवली आहे. खरा कॅप्चा असलं काही करायला कधीच सांगत नाही. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते आणि लॉग (सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी) 180 दिवस जपायचे असतात. पुसलेल्या मशीनवरून काय कळवणार?

दुसरी चूक म्हणजे त्याच मशीनवर बसून नवे पासवर्ड टाकणं. चोर अजून आत असेल तर नवेही त्याच्याच हातात. दुसरं स्वच्छ मशीन घ्या आणि आधी मेलचा पासवर्ड बदला, कारण बँक, जीएसटी, टॅली, सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात.

सगळ्यात महाग पडते ती तिसरी चूक: "आपल्याकडे ओटीपी आहे न, काय होते?" चोराकडे कुकी असेल तर त्याला लॉगिनच करावं लागत नाही. तुम्ही ओटीपी टाकून आधीच आत गेलेले असता, तो तुमच्याच सेशनवर बसतो. पासवर्ड बदलला तरी काही ठिकाणी जुनं सेशन जिवंत राहतं. म्हणून गूगल वर्कस्पेसच्या अॅडमिनमधून त्या युजरच्या साइन-इन कुकीज रीसेट करा, मायक्रोसॉफ्ट 365 असेल तर सगळी सेशन्स रद्द करा. रद्द केल्यावरही आधी दिलेला टोकन (आत राहण्याचा डिजिटल पास) साधारण तासभर चालू राहू शकतो, तेव्हा लगेच हुश्श करू नका. जोडलेली अनोळखी अॅप्स आणि अॅप पासवर्डही काढा.

मग मेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. हे जवळपास सगळेच विसरतात. 'पेमेंट' शब्द असलेली मेल गुपचूप बाहेर पाठवणारा एखादा नियम तिथे बसलेला असू शकतो, आणि मग तुमच्या पार्टीला 'आमचं खातं बदललं' अशी मेल तुमच्याच पत्त्यावरून जाते. पैसे गेलेच असतील तर बँक आणि 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, बाकी सगळं नंतर.

डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, यूएसबी टोकन दिवसभर मशीनला लावून, पिन मॉनिटरवर चिकटवून ठेवण्याबद्दल काय बोलावं! सही झाली की काढून कपाटात ठेवा.

जुना पासवर्ड कुणाच्या कामाचा, असंही म्हणू नका. 2024 मध्ये स्नोफ्लेक या क्लाउडवर डेटा ठेवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची खाती उघडली गेली ती इन्फोस्टीलरने चोरलेल्या पासवर्डवर. त्यातले काही थेट 2020 पासूनचे होते, आणि त्या खात्यांना दुसरी पडताळणी नव्हती.

आणि घरचा पीसी तपासा. ऑफिसचं क्रोम प्रोफाइल तिथे सिंक होत असेल आणि पोरानं गेमचा चीट उतरवला असेल, तर ऑफिसचं मशीन कितीही घासलं तरी नवे पासवर्ड तिथून जातच राहतील. सिंक आधी बंद करा, फॉरमॅट त्यानंतर.