मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उरुशीचा हात कसा द्यायचा

उरुशी हा जपानी लाखकामात वस्तूंवर चढवतात तो झाडाचा चीक. रंगासारखा तो उन्हात ठेवून वाळत नाही. त्यातलं लॅकेज हे विकर हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन घेऊन चीक घट्ट करतं. त्याला २० ते २८ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. लातूर-बीडकडच्या कोरड्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेल्या वस्तूवरचा हात, म्हणजे चिकाचा थर, आठवडाभर चिकटच राहतो.

म्हणून झाकणाची लाकडी पेटी घ्या. आतून ओलं फडकं फिरवा, तळाशी पिळलेलं गोणपाट अंथरा, वर जाळी ठेवून त्यावर वस्तू मांडा. आत हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, हवंच. पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर ठेवा.

हात अगदी पातळ द्या. जाड थराची वरची साय आधी धरते, खालचा चीक ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. ८५ टक्क्यांवर आर्द्रता गेली की लाल रंग काळपटतो. एक-दोन दिवसांनी, नख उमटेनासं झालं की हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून पुढचा हात द्या.

नायट्राइल हातमोजे विसरू नका. हा चीक बिब्ब्याच्याच कुळातला, तसाच उततो. ब्रश गोडेतेलात धुवा, पण वापरण्याआधी टर्पेंटाइनने तेल पूर्ण काढा. तेल राहिलं तर थर घट्टच होत नाही.