खर्रा सोडला होता, आज एक खाल्ल्या गेला... आता काय करायचं?

खर्रा (तंबाखू, सुपारी अन् चुना घोटलेला) सोडायचे उपाय गावात सगळेच सांगतात, कोणी म्हणते सोप (बडीशेप) चावा कोणी म्हणते लवंग ठेवा, पण पंधरा दिवसांनी एखादा खर्रा खाल्ल्या गेला तं पुढं काय, हे कोणी सांगत नाही आणि खरी गाडी तिथंच फसते.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लाट नावाचे मानसशास्त्राचे प्रोफेसर होते, २०११ मधे वारले. व्यसन सोडलेला माणूस परत काहून लागतो यावरच त्यांचं मोठं काम, १९८५ ला ज्युडिथ गॉर्डन यांच्यासोबत पुस्तकही काढलं. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या घासापेक्षा त्यानंतरचा विचार जास्त बुडवतो. "झालं, मोडला नेम, आपल्याच्यानं होतच नाही" असं डोक्यात आलं की माणूस संध्याकाळपर्यंत खर्र्याच्या चार पन्न्या (पुड्या) रिकाम्या करते.

म्हणून खाल्ल्या गेलाच तं थुका, चूळ भरा, उरलेली पुडी फेका (खिशात ठेवू नका, "उद्या फेकतो" वाले मी लय पाहिले). मग मोबाईलमधे दोन ओळी लिहा, कुठं होतो, सोबत कोण होतं, त्याआधी काय झालं. आपल्याला शिव्या घालत बसू नका, त्यानं तलफ अजून वाढते.

मार्लाट यांच्या अभ्यासात जवळपास पाऊण घसरणी तीनच कारणानं झालेल्या: मन खराब, कोणाशी भांडण, नाहीतर दोस्तांचा आग्रह. म्हणजे कापसाचा भाव पडला, घरी वाजलं, किंवा चौकात कोणी पन्नी घोटून पुढं केली, "घे ना बे, एकानं काय होते". आपल्याकडं हे तिसरं सगळ्यात बेकार, कारण खर्रा वाटूनच खाल्ला जाते. याचं उत्तर घरूनच ठरवून निघा. "सोडला" म्हटलं की वाद घालतात, "तोंडात छाले आहेत" म्हटलं की गप बसतात, तेवढं खोटं चालते.

अजून एक, रिचार्ज मारायचा आहे, पाच मिनिटं बसतो, असं म्हणत पाय आपोआप पानठेल्याकडं वळतात. रिचार्ज घरी बसून मारा.

तलफ आली तं तिच्याशी कुस्ती नको. नदीच्या पुरासारखी ती चढते अन् काही मिनिटांत उतरते, तुम्ही काठावर उभं राहून फक्त पाहा, छातीत काय होते, जबडा कसा आवळते. तोवर पाणी प्या, जागा बदला.

"खर्र्याबिगर डवरा चालत नाही" (डवरा म्हणजे तण काढायचं बैलांचं औत) म्हणणाऱ्यांसाठी १९७३ चा प्रयोग सांगतो. मार्लाट आणि त्यांच्या साथीदारांनी काही जणांना व्होडका सांगून नुसतं टॉनिक वॉटर (बिगर दारूचं, सोड्यासारखं) पाजलं, तं तेही जास्त पिले! ग्लासात काय आहे त्यापेक्षा काय आहे असं वाटते यानं फरक पडला. तुमच्या डवऱ्याचंही थोडं तसंच असू शकते, एक सकाळ बिगर खर्र्याचं चालवून पाहा.

दारूवाल्यांनी मात्र हे वाचून एकदम बंद करू नका, रोजची भारी सवय असली तं अचानक सोडल्यावर झटके येऊ शकतात, आधी डॉक्टरला दाखवा. तंबाखूसाठी सरकारी टोल फ्री नंबर आहे १८००-११-२३५६. आणि आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का पाहा, नसतील जात तं तोंड आखडत चाललं असू शकते, सोडायची तारीख नंतर काढा, पहिले दातांच्या डॉक्टरकडं जा.