वर्षभरातला आवडता फोटो निवडताना या चुका टाळा

डिसेंबर सरत आला की वर्षभराचे आठ-दहा हजार फोटो उघडून त्यांतला आवडता एक निवडायला आपण बसतो आणि पहिली चूक तिथेच होते, कारण गुण फोटोला न मिळता तो काढताना उपसलेल्या कष्टांना मिळू लागतात. उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी टिपण्यासाठी मी पहाटे तीनला पुण्याहून निघालो, भिगवणला नावेत दोन तास कुडकुडत बसलो आणि त्या सकाळच्या एका फोटोला डोळे झाकून पाच तारे दिले. फोटोत होती पाण्यावरची एक फिकट गुलाबी रेघ, आणि तीही तिरकी.

यावर उपाय म्हणजे मध्ये काळ जाऊ देणे. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड हे काढतानाची मनःस्थिती निवडीत डोकावू नये म्हणून रोल मुद्दाम दीर्घकाळ न धुता ठेवत. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल धुवायचे राहिले होते, त्यामुळे त्यांचा कित्ता पुरता गिरवू नये. नोव्हेंबर-डिसेंबरचे फोटो पुढच्या वर्षाच्या खात्यात टाकले तरी पुरे.

दुसरी चूक जरा शिकलेल्या माणसाची आहे. फोटो उघडताच तो शंभर टक्के मोठा करून डोळे, पापण्या, कडा रेखीव आहेत का, हे पाहण्याची आपल्याला सवय असते. दिवे घाटात रस्त्याकडेला टेकून तळपाय चोळणाऱ्या एका वारकरी बाईंचा फोटो मी याच कारणाने बाद केला होता, कारण हात हलल्यामुळे बोटे पुसट आली होती. पुढे सगळे फोटो टपाल तिकिटाएवढे करून पाहिले, तेव्हा शेजारी उतरवून ठेवलेले तुळशीवृंदावन आणि वाकलेली पाठ यांवरच नजर पुन्हा पुन्हा थांबत होती. म्हणून आधी लहान आकारात पाहावे आणि रेखीवपणा शेवटी तपासावा. लाइक्स मोजणे तर सोडूनच द्यावे; त्यांचा संबंध फोटो कोणत्या वेळी टाकला याच्याशीही असतो.

दोन फोटोंवर गाडी अडली, तर दोन्हींच्या चार बाय सहाच्या प्रती काढून घ्याव्यात. प्रत काळपट आली की लॅबला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा आपल्याच पडद्याचा उजेड जास्त ठेवलेला असतो. तो कमी करून फोटो पुन्हा पाहावा आणि मगच दुसरी प्रत मागवावी. मी त्या बाईंचा फोटो आणि घाट चढणाऱ्या पालखीचा, कष्टाने डोंगरावरून काढलेला फोटो असे दोन्ही फ्रिजवर लावले होते. आठव्या दिवशी पालखीवर दूधवाल्याचे बिल अडकवलेले दिसले, आणि ते हलवावे असे मलाही वाटले नाही.