जीएफएक्सवर अडॅप्टरची लेन्स की जीएफ लेन्स? या चुका टाळा

फुजीफिल्मची जीएफएक्स, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरची कॅमेरा बॉडी घेतली की लगेच प्रश्न पडतो: तिच्यासाठीच बनलेली जीएफ मालिकेतली लेन्स घ्यायची, की कपाटातली कॅनन, मामिया किंवा हॅसलब्लाडची लेन्स अडॅप्टर (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवणारा जोड) लावून वापरायची? दोन्हीकडून उत्तम फोटो मिळतात. नडतं ते इतकंच, की काय तपासायचं हे आधी ठरवलेलं नसतं आणि पैसे भरून झाल्यावर अडचणी कळतात. आमचं मत स्पष्ट आहे. रोजच्या कामाची पहिली लेन्स जीएफच असावी. जीएफ लेन्स जे देत नाही, त्यासाठी अडॅप्टर ठेवावा.

नुसती लेन्सची किंमत बघणं

मामिया-सेकॉर सी ८० एमएम एफ/१.९ ही ६४५ फिल्म कॅमेऱ्याची लेन्स जीएफएक्सवाल्यांची आवडती आहे. तिच्यासमोर २०२१ मध्ये आलेली जीएफ ८० एमएम एफ/१.७ ठेवली की किमतीतला फरक डोळ्यांत भरतो. पण मामियाच्या किमतीत चांगला अडॅप्टर, हूड, घट्ट झालेल्या फोकस रिंगची सर्व्हिसिंग आणि गरज पडली तर बुरशी काढण्याचा खर्च धरा. एवढं करूनही ऑटोफोकस आणि डोळ्यांवरचा फोकस मिळत नाही. फाइलमध्ये ॲपर्चरची (लेन्समधल्या छिद्राच्या आकाराची) नोंद होत नाही आणि फोकस ब्रॅकेटिंगही (फोकस थोडा थोडा सरकवत आपोआप घेतलेले फोटो) चालत नाही. स्थिर विषय, ट्रायपॉड आणि हाताशी वेळ असेल तर हे काहीच आड येत नाही. हलत्या माणसाचा एफ/१.९ वर पोर्ट्रेट घ्यायचा असेल तर बराच मार बसतो.

"फुल फ्रेम लेन्स चालते" यावर विसंबणं

जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ × ३२.९ एमएमचा, त्याचा कर्ण सुमारे ५४.८ एमएम. फुल फ्रेमचा, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा कर्ण ४३.३ एमएम. म्हणजे फुल फ्रेमसाठी बनलेली लेन्स एवढा भाग झाकेल अशी हमी कुणी दिलेली नाही. तरीही बऱ्याच लेन्स झाकतात. कॅनन ईएफ १३५ एमएम एफ/२ आणि छोटी ४० एमएम एफ/२.८ ही नेहमीची उदाहरणं. वाइड झूम मात्र सहसा कोपरे काळे करतात.

तपासताना सगळ्यात जास्त घोटाळा ॲपर्चरमुळे होतो. लेन्स पूर्ण उघडी असताना कोपऱ्यातला काळोख हळूहळू उतरतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येईल असं वाटतं. ॲपर्चर लहान केलं की त्याच काळोखाला स्पष्ट कडा येते आणि मग क्रॉप केल्याशिवाय गत्यंतर नसतं. शिवाय जवळच्या फोकसला प्रतिमेचं वर्तुळ (लेन्स जेवढ्या गोल भागावर प्रतिमा टाकते तो भाग) मोठं होतं, त्यामुळे दुकानाच्या काउंटरवर पास झालेली लेन्स डोंगरावर नापास होते. म्हणून फोकस अनंतावर ठेवा, हूड आणि फिल्टर काढा, एकसारख्या आभाळाचे दोन फोटो घ्या: एक पूर्ण उघड्या ॲपर्चरवर, दुसरा एफ/११ वर. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर ते चालू ठेवूनही एकदा बघा, कारण सेन्सर सरकला की कोपरा वर्तुळाबाहेर जाऊ शकतो.

कोपरे काळे आले तर सेन्सरचा फक्त मधला, फुल फ्रेमएवढा भाग वापरणारा ३५ एमएम फॉरमॅट मोड आहेच. त्यात १०० मेगापिक्सेलच्या बॉडीवर सुमारे ६० आणि ५० मेगापिक्सेलच्या बॉडीवर सुमारे ३० मेगापिक्सेल उरतात. पण एखादी लेन्स कायम याच मोडमध्ये वापरावी लागणार असेल, तर ती जीएफएक्ससाठी घेऊ नका.

कॅननची टीएस-ई २४ एमएम एफ/३.५ एल २ ही अडॅप्टरवर वापरण्यासारखी फार गुणी लेन्स. तिचं वर्तुळ ६७.२ एमएमचं आहे. इमारतींचे फोटो काढणारे ती घेतात आणि १२ एमएमचा पूर्ण शिफ्ट (लेन्स वर-खाली किंवा बाजूला सरकवणं) गृहीत धरतात. गणित केलं तर जीएफएक्सवर सेन्सरच्या लांब बाजूच्या दिशेने साधारण ७ एमएम आणि आखूड बाजूच्या दिशेने साधारण ९ एमएम एवढाच शिफ्ट वर्तुळात बसतो.

अडॅप्टर म्हणजे पोकळ नळी, असं समजणं

अडॅप्टरमध्ये काच नसते हे खरं, पण लेन्स सेन्सरपासून किती अंतरावर आणि किती सरळ बसणार हे तोच ठरवतो. जीएफएक्सच्या जी माउंटचं फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) २६.७ एमएम आहे. कॅनन ईएफचं ४४, मामिया ६४५ चं ६३.३, हॅसलब्लाड व्ही मालिकेचं ७४.९. म्हणजे अडॅप्टरची जाडी अनुक्रमे १७.३, ३६.६ आणि ४८.२ एमएम हवी.

अडॅप्टर फक्त ०.१ एमएम जाड निघाला तर ८० एमएमची लेन्स सुमारे ६४ मीटरच्या पलीकडे फोकस होणार नाही. ४५ एमएमच्या लेन्सची मर्यादा तर २० मीटरवर येते. हे टाळायला बरेच कारखाने अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग लेन्स अनंताच्या पुढे जाते, रिंगवरचे अंतराचे आकडे चुकतात आणि "शेवटपर्यंत फिरवली की अनंत" ही जुनी सवय धोका देते. फ्लोटिंग एलिमेंटच्या (फोकस करताना आतले काचांचे गट वेगवेगळे सरकतात अशा) वाइड लेन्समध्ये याहून बारीक दोष येतो. आतल्या गटांमधलं अंतर प्रत्यक्ष फोकसच्या अंतराशी जुळत नाही, त्यामुळे मध्यभाग कडक आणि कडा मऊ दिसतात. दोष लेन्सच्या माथी मारला जातो, खरा गुन्हेगार अडॅप्टर असतो.

तपासणी अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. किमान एक किलोमीटर दूरचा मोबाइल टॉवर किंवा इमारतीची कडा मध्यभागी घ्या, व्ह्यूफाइंडरमध्ये पूर्ण मोठं करून फोकस करा. रिंग थांबण्याआधी किती पुढे गेली ते बघा. टॉवर कडक दिसण्याआधीच रिंग अडली तर अडॅप्टर जाड आहे, तो परत करा. पातळ असेल आणि लेन्सच्या बाजूची रिंग स्क्रूने बसवलेली असेल, तर पितळेचा पातळ शिम (चकती) टाकून जाडी वाढवता येते.

मग फोकसला हात न लावता तोच टॉवर क्रमाने चारही कोपऱ्यांत आणून फोटो घ्या. एकच बाजू मऊ आली तर काहीतरी तिरकं बसलंय. त्याच अडॅप्टरवर दुसरी लेन्स लावा. तीच बाजू पुन्हा मऊ आली तर संशय अडॅप्टरवर. दोष लेन्सबरोबर गेला तर लेन्स डीसेंटर आहे, म्हणजे तिच्या काचा एका रेषेत नाहीत.

आतला चकचकीत काळा रंगही तपासा. ६४५ च्या लेन्स सेन्सरपेक्षा बऱ्याच मोठ्या भागावर प्रकाश टाकतात. जादा प्रकाश अडॅप्टरच्या भिंतीवर आपटून सेन्सरवर येतो आणि सगळा फोटो फिकट, दुधाळ दिसतो. आतून चिकटणारं काळं मखमली कापड लावलं की फरक लगेच कळतो. कापडाचे धागे सुटणारे नसावेत आणि विजेच्या संपर्काच्या पट्ट्यांवर ते जाऊ नये.

ॲपर्चर कुठून बंद होणार हे न विचारणं

कॅनन ईएफ लेन्सचं ॲपर्चर विजेवर चालतं. साध्या अडॅप्टरवर ते उघडंच राहतं, म्हणून टेकआर्ट किंवा फ्रिंगरसारखा इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर लागतो. निकॉनच्या जी लेन्सना ॲपर्चर रिंग नाही. त्यांच्यासाठी अडॅप्टरवर वेगळी रिंग हवी, आणि त्या रिंगवर नेमका एफ आकडा कळत नाही. मामिया ६४५ च्या मॅन्युअल लेन्सवर ए/एम खटका असतो, तो एमवर हवा. हॅसलब्लाड व्हीच्या लीफ शटरवाल्या (शटर लेन्सच्या आतच असलेल्या) लेन्स कॉक केलेल्या, म्हणजे शटरला चावी दिलेल्या असल्या तरच आतलं शटर उघडं राहतं. ॲपर्चर बंद करायला डेप्थ ऑफ फील्डचा खटका वापरावा लागतो. "रिंग फिरवली तरी उजेड बदलत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा याच दोन खटक्यांत सापडतं.

जुन्या वेगवान लेन्समध्ये ॲपर्चर बदललं की फोकसही थोडा सरकतो. एफ/१.९ वर फोकस करून एफ/४ वर फोटो काढू नका. ज्या ॲपर्चरवर फोटो काढायचा त्यावरच फोकस करा. एफ/८ किंवा त्याहून लहान हवं असेल तर एफ/५.६ वर फोकस करून पुढे बंद करा.

शटर उडत नाही, हात हलल्यासारखा फोटो येतो

विजेचा संपर्क नसलेली लेन्स लावल्यावर मेनूतलं "शूट विदाउट लेन्स" चालू नसेल तर कॅमेरा फोटो काढतच नाही. दुसरी सेटिंग माउंट अडॅप्टरची. तिथे खरं फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) भरा, कारण बॉडीतलं स्टॅबिलायझेशन त्याच आकड्यावर चालतं. ८० च्या जागी मागच्या लेन्सचा २४ राहिला तर सुधारणा अपुरी पडते. जीएफएक्स ५०एस आणि ५०आर मध्ये हे स्टॅबिलायझेशन नाहीच, तिथे ८० एमएमला हातात धरून १/२५० च्या खाली न जाणं बरं.

फ्लॅशचा विचार शेवटी करणं

जीएफएक्सचं फ्लॅश सिंक (फ्लॅशबरोबर चालणारा सर्वांत वेगवान शटर स्पीड) १/१२५ सेकंद आहे आणि जीएफ लेन्समध्ये लीफ शटर नाही. भर उन्हात फ्लॅश लावून उघड्या ॲपर्चरवर पोर्ट्रेट करणाऱ्यांसाठी फुजीचाच एच माउंट अडॅप्टर जी उपयोगी पडतो. हॅसलब्लाडच्या एचसी लेन्स त्यावर १/८०० पर्यंत सिंक देतात, पण ऑटोफोकस मिळत नाही. नाही तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) किंवा हाय स्पीड सिंक (सिंकपेक्षा वेगवान शटरवरही चालणारा फ्लॅशचा मोड).

हॅसलब्लाडची एक्स मालिका घेणाऱ्यांनी इथे जास्त जपायला हवं. त्या बॉडीत फोकल प्लेन (सेन्सरसमोरचं) शटरच नाही, शटर तिच्यासाठीच्या एक्ससीडी लेन्सच्या आत असतं. कॅनन किंवा मामियाची लेन्स लावली की फक्त इलेक्ट्रॉनिक शटर उरतं. सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जात असल्याने चालणारा माणूस तिरका येतो, एलईडी दिव्यांखाली पट्टे पडतात आणि स्टुडिओ फ्लॅश वापरता येत नाही. तिथे स्टुडिओचं काम करायचं असेल तर एक्ससीडी लेन्स घ्या.

लायका एम माउंटच्या २८ एमएम आणि त्याहून वाइड लेन्स जीएफएक्स आणि हॅसलब्लाड एक्स दोन्हीकडे टाळाव्यात. मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते, किरण कडांवर तिरके पडतात, कोपऱ्यांतला तपशील पसरतो आणि रंगाची झाक येते.

पावसाळा विसरणं

बहुतेक जीएफ लेन्सना हवामानरोधक सील असतात. साध्या अडॅप्टरला दोन्ही टोकांना रबराची कडा नसते, त्यामुळे पाणी आत जायला दोन सांधे तयार होतात. जुलैत माळशेज किंवा आंबोलीला काम असेल तर जीएफ लेन्सच न्या. जुनी लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. तसली लेन्स इतर लेन्सबरोबर एका पेटीत ठेवू नका. मुंबई, कोकण, गोव्यात ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. त्याहून फार कोरडं करू नका.