खडकी ते पुलगाव: लष्करी मालाचा वाटेतला माग आरएफआयडीने कसा ठेवावा

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने सुमारे ४०,००० कंटेनर रणभूमीकडे रवाना केले, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कंटेनर केवळ आत काय आहे हे कळावे म्हणून उघडून पाहावे लागले. माल पोहोचला होता. पण ज्या तुकडीने तो मागवला होता तिला तो पोहोचल्याचे ठाऊक नव्हते, त्यामुळे तीच मागणी पुन्हा पुन्हा नोंदवली जात होती आणि न उघडलेल्या कंटेनरांच्या राशी वाढत होत्या. सैनिक त्या राशींना ‘लोखंडी डोंगर’ म्हणत. या अनुभवातून अमेरिकी लष्कराने कंटेनरांवर रेडिओ टॅग, म्हणजे रीडर नावाच्या यंत्राने रेडिओ लहरींच्या साहाय्याने दुरून वाचता येणाऱ्या ओळखचिठ्ठ्या, लावण्यास सुरुवात केली. याच तंत्राला आरएफआयडी म्हणतात. तरीही २००३ च्या इराक मोहिमेनंतर अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पाहणी केली, तेव्हा पाठवलेला माल आणि पोहोच दिलेला माल यांत १.२ अब्ज डॉलरची तफावत आढळली. टॅग होते, पण ते सगळीकडे सारख्या शिस्तीने वापरले गेले नव्हते.

हा दुसरा धडा मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. टॅग, रीडर आणि सॉफ्टवेअर विकत घेता येतात. माग मात्र शिस्तीतूनच लागतो. पुढील मार्गदर्शन संरक्षण खात्याला माल पुरवणारे उद्योजक, त्यांचे गोदाम सांभाळणारे कर्मचारी आणि या व्यवस्थेचे सॉफ्टवेअर बांधणारे तरुण अभियंते यांच्यासाठी आहे. उदाहरण आपल्याच राज्यातले घेतो. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय सैन्याने दारूगोळ्यावर आरएफआयडी टॅग लावण्यास सुरुवात केली, तेव्हा पहिली खेप पुण्याच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यातून निघून वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात गेली. तीन ट्रक होते आणि त्यांत ५.५६ मिलिमीटरची काडतुसे होती. सैन्याचे आयुध सेवा संचालनालय, पुण्यातच मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी आणि क्रमांकांच्या जागतिक मानकांसाठी जीएस-वन इंडिया ही संस्था यांनी मिळून हे काम उभे केले. त्या खेपेच्या आतल्या कार्यपद्धतीविषयी मी येथे काही सांगत नाही. तसाच सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवून अशी व्यवस्था कशी रचावी एवढेच सांगतो.

आधी हात मोजा, मग टॅग निवडा

पहिले काम कागदावरचे आहे. पेटी पॅकिंगच्या टेबलावरून निघाल्यापासून भांडारातल्या तिच्या जागेवर बसेपर्यंत किती वेळा एका माणसाच्या जबाबदारीतून दुसऱ्याच्या जबाबदारीत जाते, ते क्रमाने लिहून काढावे: पॅकिंग विभाग, कारखान्याचे गोदाम, ट्रकवर भरणी, कारखान्याचे फाटक, वाटेतला मुक्काम, भांडाराचे फाटक, उतरणी आणि शेवटी शेड. जेथे जबाबदारी बदलते तेथेच वाचन हवे. केवळ जागा मोकळी आहे किंवा विजेचा बोर्ड जवळ आहे म्हणून एखाद्या भिंतीवर रीडर बसवला, तर तो रोज हजारो नोंदी करील आणि त्यातून कोणाला काहीही कळणार नाही.

त्यानंतर टॅगची निवड. पॅसिव्ह टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या लहरींतूनच त्याला शक्ती मिळते आणि त्याच लहरी बदलून तो आपला क्रमांक परत पाठवतो. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा याच प्रकारचा टॅग असल्याने त्याचे गुणदोष आपण टोल नाक्यावर पाहिलेले आहेत: स्वस्त, वर्षानुवर्षे टिकणारा, पण काही मीटरच्या आत आणि योग्य दिशेने आला तरच वाचला जाणारा. ॲक्टिव्ह टॅगमध्ये स्वतःची बॅटरी असते, तो शंभर मीटरच्या आसपासही उत्तर देऊ शकतो आणि त्याच्या स्मृतीत मालाची पूर्ण यादी मावते. अमेरिकी लष्कराने कंटेनरांसाठी ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारे असे टॅग वापरले, आणि ३० जुलै २००४ च्या धोरणात पुरवठादारांना पेट्या व पॅलेट (पेट्या रचून फोर्कलिफ्टने उचलण्याचा पाट) यांवर पॅसिव्ह टॅग लावण्यास सांगितले. १ जानेवारी २००५ पासून ही अट नव्या करारांत येऊ लागली. ही विभागणी आजही योग्य आहे. पेटीला आणि पॅलेटला पॅसिव्ह टॅग लावावा, आणि मोकळ्या मैदानात किंवा बंदरात दुरून शोधावा लागणाऱ्या कंटेनरला ॲक्टिव्ह. बंद ट्रक थेट कारखान्यातून भांडारात जाणार असेल, तर ॲक्टिव्ह टॅगवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

लहरींच्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावे. भारतात पॅसिव्ह आरएफआयडीसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे, तर अमेरिकेत त्यासाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ वापरतात. टॅग सहसा दोन्हीकडे चालतो, रीडर मात्र त्या त्या देशासाठी जुळवलेला असतो. परदेशी बनावटीचा रीडर स्वस्तात मिळाला म्हणून घेण्यापूर्वी तो भारतीय पट्ट्यावर चालतो, हे लेखी घ्यावे.

लोखंडी पेटी आणि तिच्यावरचा टॅग

साधा स्टिकर टॅग थेट लोखंडी पेटीवर चिकटवला तर तो मुका होतो, कारण धातू त्याच्या अँटेनाचे गणित बिघडवतो. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात. त्यांत अँटेना आणि पत्रा यांच्यामध्ये फोमचा किंवा सिरॅमिकचा थर असतो. तेच वापरावेत. चिकटवण्याचे काम किरकोळ वाटते, पण पुढचे सगळे त्यावर उभे असते. पेटीच्या अरुंद बाजूवर, कडेपासून दोन बोटे आत, जेथे पट्टी किंवा कडी येत नाही अशी जागा ठरवावी आणि प्रत्येक पेटीवर तीच ठेवावी. ती जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसावी, कारण पेटीच्या रंगावर तेलाचा हात हमखास असतो. मग पूर्ण वाळू द्यावी. टॅग बसवल्यावर अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यावे, म्हणजे खाली हवा अडकत नाही. लगेच हातातल्या रीडरने एक मीटरवरून वाचून पाहावे. पहिल्या फटक्यात वाचला गेला नाही तर तो टॅग बाजूला टाकावा. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली पेटी पुलगावच्या फाटकावरच आठवते. टॅगवर तोच क्रमांक बारकोडसह छापलेला असावा, म्हणजे चिप मेली तरी माणसाला तो डोळ्यांनी वाचता येतो.

क्रमांकाविषयी माझे मत ठाम आहे: पॅसिव्ह टॅगमध्ये केवळ क्रमांक असावा, माहिती नसावी. पेटीसाठी वस्तूचा जीएस-वन क्रमांक आणि त्या पेटीचा स्वतंत्र अनुक्रमांक मिळून ९६ बिटांत मावतात. पॅलेटसाठी १८ अंकी वाहतूक क्रमांक वापरावा. लॉट क्रमांक, उत्पादनाची तारीख, वजन, कोणासाठी माल आहे, हे सर्व सर्व्हरवर त्या क्रमांकाशी जोडलेले असावे. असे केल्याने चूक एका जागी दुरुस्त करता येते, आणि रस्त्यालगत रीडर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती एका आकड्यापलीकडे काही लागत नाही. तो आकडाही अगदी निरुपद्रवी नसतो, कारण त्याच्या पहिल्या भागावरून उत्पादक कंपनी ओळखता येते. म्हणून कोणता क्रमांक कोणत्या वस्तूचा याची यादी मोजक्या हातांतच ठेवावी, आणि क्रमांक कोणी बदलू नये यासाठी चिपची स्मृती पासवर्डने कुलूपबंद करावी.

पॅलेट वाचला म्हणजे पेट्या वाचल्या का?

या कामातला सगळ्यांत मोठा गैरसमज येथे आहे. लहरी लोखंडातून आरपार जात नाहीत. पॅलेटवर चार थरांत रचलेल्या लोखंडी पेट्यांपैकी बाहेरच्या पेट्या फाटकावर वाचल्या जातील. मधल्या, चारही बाजूंनी झाकलेल्या पेट्या कितीही भारी रीडर आणला तरी वाचल्या जाणार नाहीत. विक्रेता शंभर टक्के वाचनाचे आश्वासन देईल तेव्हा त्याला आपलाच भरलेला पॅलेट दाखवावा आणि त्याच्यासमोर वाचून घ्यावे.

यावर उपाय जुना आणि साधा आहे: पॅलेट रचतानाच कुटुंब बांधावे. कामगार प्रत्येक पेटी पॅलेटवर ठेवताना ती वाचली जावी आणि सॉफ्टवेअरने ती त्या पॅलेटच्या नावे लावावी. समजा, एका पॅलेटवर ३६ पेट्या बसतात. छत्तिसावी पेटी ठेवल्यावर पडद्यावर ३६ चा आकडा यावा, मगच पॅलेटला आवळपट्टी आणि सील बसावे, सीलचा क्रमांक त्याच नोंदीत जावा, आणि पॅलेटचा टॅग बाहेरच्या बाजूस लागावा. येथून पुढे सील शाबूत आहे तोवर पॅलेट वाचला म्हणजे ३६ पेट्या वाचल्या असे धरता येते. सील तुटले की हे नाते त्याच क्षणी रद्द झाले पाहिजे आणि पेट्या एकेक करून पुन्हा वाचल्या गेल्या पाहिजेत. हा नियम सॉफ्टवेअरमध्येच बांधावा. माणसाच्या आठवणीवर सोडू नये.

फाटकावर रीडरचे अँटेना दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर बसवावेत आणि ट्रकचा वेग पायी चालण्याइतका ठेवावा. पत्र्याच्या बंद ट्रकमधला माल फाटकावर वाचता येत नाही. अशा वेळी खरे वाचन ट्रकच्या मागच्या दाराशी, फोर्कलिफ्ट आत जाताना घ्यावे लागते, आणि फाटकावर केवळ ट्रक व त्याचे सील यांची नोंद होते. एकच टॅग एका मिनिटात शेकडो वेळा वाचला जातो, म्हणून रीडरजवळच गाळणी हवी: ‘हा पॅलेट या फाटकातून या वेळी बाहेर गेला’ एवढी एकच घटना पुढे जावी. त्याच पट्ट्यावर चालणारा ट्रकचा फास्टॅगही तेथे उत्तर देतो. त्याचा क्रमांक मालात मिसळू नये म्हणून क्रमांकाच्या सुरुवातीच्या भागावरून तो वेगळा काढावा. शेजारच्या मार्गिकेत उभा असलेला पॅलेट चुकून ‘गेला’ असे दिसणे ही नेहमीची अडचण असते. त्यासाठी रीडरची शक्ती कमी करावी आणि ट्रक आल्यावरच तो चालू होईल असा सेन्सर लावावा.

दारूगोळ्याजवळ रेडिओ लहरी

साध्या गोदामात जो प्रश्न उद्भवत नाही तो येथे सर्वांत आधी सोडवावा लागतो. विजेने पेटणारे फ्यूज किंवा प्रज्वलक ज्या दारूगोळ्यात असतात, त्यांच्या तारा अँटेनासारख्या वागू शकतात आणि रीडरची शक्ती त्यांत उतरू शकते. रायफलचे काडतूस पिनेच्या आघाताने पेटते, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही भीती नाही. क्षेपणास्त्रे, रॉकेटे आणि इलेक्ट्रिक डिटोनेटर यांच्या बाबतीत ती खरी आहे. म्हणून दारूगोळ्याच्या प्रत्येक प्रकारासाठी कोणता रीडर, किती शक्तीने, किती अंतरावर चालवता येईल हे सुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय एकही रीडर शेडमध्ये नेऊ नये. हातातल्या रीडरवर ते अंतर ठळक अक्षरांत चिकटवावे. मोबाइल फोन आणि वॉकीटॉकी यांना जे नियम लागू होतात, ते या रीडरलाही लागू आहेत हे नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सांगावे.

न आलेले वाचन

आरएफआयडीचा टॅग ट्रक आत्ता कोणत्या गावाजवळ आहे हे सांगत नाही. तो शेवटचा कोणत्या फाटकावर दिसला एवढेच सांगतो. रस्त्यावरची जागा हवी असेल तर ट्रकवर उपग्रहावर चालणारे वाहन-माग यंत्र लागते, आणि ‘हा पॅलेट त्या ट्रकवर’ हे नाते भरणीच्या वेळी जोडावे लागते. मग दोन्ही माहिती एकत्र पाहता येतात.

खरा उपयोग त्यापुढे आहे. प्रत्येक टप्प्याला अपेक्षित वेळ द्यावी आणि त्या वेळेत पुढच्या ठिकाणी वाचन आले नाही तर कोणाला फोन जाईल, हे नावानिशी ठरवावे. जे वाचन आले ते पाहण्यासाठी माणूस नेमण्याची गरज नसते. जे आले नाही ते पाहण्यासाठी असते. भांडाराच्या फाटकावर ४० पॅलेट अपेक्षित असताना ३९ दिसले, तर मालासोबतच्या चलानावर सही होण्यापूर्वी तो एक पॅलेट डोळ्यांनी शोधला गेला पाहिजे. टॅग खराब असल्याचे आढळले तर बारकोडने नोंद करून कारण लिहावे. ‘सिस्टिममध्ये नंतर दुरुस्त करू’ या एका वाक्याने वर्षभरात पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष साठा यांच्यात दरी पडते.

सुरुवात एका मार्गावर, एका वस्तूपासून करावी आणि पहिले काही महिने कागदी चलान बंद करू नये. प्रत्येक खेपेत टॅगचा आकडा आणि चलानाचा आकडा शेजारी शेजारी मांडावा. फरक आला की टॅग, हात किंवा नियम यांपैकी काय चुकले ते त्याच आठवड्यात शोधावे.

शेवटची काळजी रिकाम्या पेट्यांची. काडतुसे वाटली गेल्यावर पेटी परत येते आणि तिच्यावरचा टॅग अजून जिवंत असतो. ती तशीच फाटकातून आत आली तर हिशेबात भरलेली पेटी आल्याची नोंद होते. पेटी उघडताना तिचा क्रमांक ‘रिकामी’ म्हणून नोंदवावा आणि ती पुन्हा वापरायची नसेल तर टॅग खरवडून काढावा किंवा पासवर्ड देऊन कायमचा बंद करावा.