ताग निबर होऊ देऊ नका, मघातच गाडा

आर्द्रा-पुनर्वसूच्या (जून-जुलैच्या) ओलीवर ज्यांनी रब्बी ज्वारीच्या रानात हिरवळीच्या खतासाठी ताग (बोरू) टाकला, त्यांचा ताग आता कमरेला लागला असेल. कुठं कुठं कळीही दिसायला लागली असेल. आता थांबू नका, मघा नक्षत्रातच (ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात) तो नांगरून मातीत गाडा. "अजून थोडा वाढू द्या, जास्त खत होईल" हा हिशेब आपल्या सोलापूर जिल्ह्यात दरसाल ज्वारी पिवळी पाडतो. मोहोळ, माढ्याकडं एका बांधाला लागून असलेल्या दोन रानांत हे बघायला मिळतं. एकानं कळीवर गाडलेला असतो, त्याची ज्वारी काळीभोर. शेजाऱ्यानं शेंगा धरल्यावर गाडलेला असतो, त्याची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथंच थिजलेली. मग तो दुकानात जातो आणि दुकानदार त्याच्या हातात ह्युमिक अॅसिडच्या टॉनिकची बाटली देतो.

होतं काय, ते समजून घ्या. कोवळ्या तागात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण 20 ला 1 च्या आसपास असतं. जमिनीतले जिवाणू तो सहज पचवतात आणि उरलेलं नत्र पिकाला सोडतात. खोडात वाख (दोराचा चिवट धागा) धरला की हेच प्रमाण 25-30 च्या पुढं सरकतं. मग जिवाणूंना स्वतःलाच नत्र कमी पडतं आणि ते जमिनीतलं ओढून घेतात. तुमची ज्वारी तीन-चार पानांवर असते, नेमकी तेव्हाच ही ओढाताण चालू असते. ते नत्र वाया जात नाही, पुढं मोकळं होतं. पण तोवर कोरडवाहू ज्वारीचा वाढीचा काळ आणि रानातली ओल, दोन्ही सरलेलं असतं.

कधी गाडायचा? पेरणीपासून 45 ते 50 दिवस, फुलोऱ्याच्या तोंडावर, हे पुस्तकातलं उत्तर. दिवस मोजायचे नसतील तर बुडापासून वीतभर वर खोड वाकवून बघा. कच्‌कन मोडलं तर उद्या नांगर घाला. मोडायच्या ऐवजी साल सुटून दोरीसारखी लोंबायला लागली तर आधीच आठवडाभर उशीर झालाय. एखादं झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर ताग अजून नत्र बांधतोय. हिरवट-तपकिरी असेल तर ते काम संपलं.

गाडताना रानात ओल पाहिजे. कोरड्या रानात गाडलेला ताग नुसता वाळतो, कुजत नाही. पेरणीला पाभर लावली की फणात अडकून वर येतो. म्हणून पाऊस झाल्यावर वाफसा (चिखल जाऊन औत चालेल इतकी ओल) येताच काम उरका, पुढच्या पावसाची वाट बघू नका. गाडणी आणि पेरणी यांत निदान तीन आठवडे ठेवा. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरचा, तो गाडलेल्या तागावर पडला पाहिजे, उभ्या तागावर नाही. उभा ताग ती ओल पिऊन टाकतो. म्हणूनच हलक्या, मुरमाड रानात ताग घेऊच नये असं माझं मत आहे. तिथं बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला कापून टाकलेला बरा.

तागाला युरिया टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. आयतं नत्र मिळालं की मुळांवर गाठी कमी धरतात. पेरताना थोडं सिंगल सुपर फॉस्फेट दिलं असेल तर उत्तम, ते तागातून परत जमिनीतच येतं. पानावर केसाळ अळी दिसली म्हणून फवारणीही करू नका. गाडायच्या पिकावर कसली फवारणी? एकरी चार टन हिरवा ताग गाडला तर साधारण 16 किलो नत्र जमिनीत जातं, म्हणजे युरियाचं पाऊण पोतं. त्यातलं सगळं पहिल्याच पिकाला मिळत नाही, काही पुढच्या हंगामाला जातं. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना आहे. त्यासोबत टॉनिक, द्रवरूप खत असं काही घ्यायलाच लावत असतील तर पक्कं बिल मागा आणि कृषी कार्यालयात तक्रार द्या.

ज्वारीची बाकी कामं:

- पेरणी: 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर
- बियाणं: एकरी 4 किलो, किलोला 4 ग्रॅम गंधक, नंतर अॅझोटोबॅक्टर (नत्र बांधणारे जिवाणू) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू)
- वाण: भारी रान फुले वसुधा, मध्यम रान फुले सुचित्रा, मालदांडी 35-1, हलकं रान फुले अनुराधा
- अंतर: 45 × 15 सें.मी.
- कोरडवाहू, मध्यम जमीन: हेक्टरी 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद, म्हणजे एकरी 35 किलो युरिया, 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, सगळं पेरतानाच
- कोळपणी: तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आठवड्यात

युरिया दोन चाड्याच्या पाभरीनं मातीआड पेरा. आपली जमीन चुनखडीची. वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो. ताग वेळेवर गाडला असेल तर युरिया एकरी 10-12 किलोनं कमी केला तरी चालतं असा माझा अंदाज आहे. माती तपासलेली असेल तर मात्र कार्डावरचाच आकडा धरा.

ज्यांचा ताग निबर झालाच आहे, त्यांनी गाडताना एकरी 10 किलो युरिया टाकावा. हेही माझं अंदाजाचंच माप. शेंगा भरल्या असतील तर तो ज्वारीच्या रानात गाडूच नका. बुडातून कापा, बाहेर काढा आणि डाळिंबाच्या आळ्यात, खोडापासून हातभर लांब, अंथरा.